आजी चुकीचं बोलतात का? इंदूरच्या एका मराठी वर्गातलं प्रकरण

हे प्रकरण इंदूरच्या एका रविवारच्या मराठी वर्गातलं आहे. कॉलेजच्या मुलामुलींना भाषा शिकवायला तयार करणारे जे कोणी आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतेय, कारण असं बऱ्याच ठिकाणी घडत असतं आणि त्यावरचं बोलणं मात्र "जाऊ द्या, लहान आहे, विसरून जाईल" इथेच थांबतं. नावं कुणाचीच देत नाहीये, मंडळाचंही नाही.

आधी जागा समजून घ्या. एका मराठी वस्तीतला मंडळाचा हॉल, रविवारची सकाळ, साधारण सात ते अकरा वर्षांची पंधरा-एक मुलं. काही घरांत आजी-आजोबा दिवसभर मराठीच बोलतात, पोराला सगळं समजतं पण उत्तर हिंदीत येतं. काही घरांत बाबा मराठी आणि आई हिंदी किंवा सिंधी किंवा गुजराती, तिथे मराठी म्हणजे गणपतीची आरती आणि फोनवर आत्याशी दोन वाक्यं. आणि दोन-तीन मुलं पूर्ण हिंदी घरातली, शेजारची मैत्रीण येते म्हणून येणारी. म्हणजे एकाच सतरंजीवर बसलेल्या मुलांपैकी कुणाची मराठी घरची भाषा, कुणाची अर्धी घरची, कुणाची सरळसरळ दुसरी भाषा. इंदुरात मराठी माणसं होळकरांपासून आहेत, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांच्या वर होते, पण शाळेत मराठी जवळजवळ कुठे मिळत नाही, तिसरी भाषा म्हणून बहुतेक ठिकाणी संस्कृतच असते, त्यामुळे जे काय आहे ते घर आणि असे रविवारचे वर्ग.

शिकवणारे चौघं, सगळे कॉलेजचे. एक बीए दुसऱ्या वर्षाची, रामबागेतल्या जुन्या मराठी घरातली. एक बीकॉमचा मुलगा, राजेंद्र नगरचा, मुलांमध्ये एकदम फेमस कारण खेळ छान घेतो. एक बीएड करणारी, जिच्याकडे प्रॅक्टिस टीचिंगच्या सुंदर फाइली होत्या. आणि एक एमए हिंदी करणारी, जिच्या घरी माळवी, म्हणजे इंदूरकडची स्थानिक बोली, बोलतात आणि जी मराठी शेजाऱ्यांच्या घरी येऊन जाऊन, मोठी झाल्यावर, स्वतःच्या हौसेनं शिकली. मंडळानं यांना वर्ग आधीच दिलेले होते, वर्ग चालू असतानाच त्यांची तयारी करून घ्या म्हणून मला बोलावलं, कारण मी दुसरी भाषा शिकवणाऱ्यांबरोबर बरीच वर्षं काम करतेय.

आता मूळ गोष्ट. त्या दिवशी चित्रांवरून बोलायचं होतं, कोण काय करतंय ते सांगायचं. चित्रात स्वयंपाकघर, पोळपाट, एक म्हातारी बाई, ओट्यावर मांजर. नऊएक वर्षांचा एक मुलगा, जो एरवी हिंदीतच उत्तर द्यायचा, तो उठून उभा राहिला आणि कुणी न विचारता म्हणाला, "आजी पोळी करून राहिली आहे आणि मांजर तिला बघून राहिलं आहे." लक्ष देऊन वाचा हे वाक्य. आजी स्त्रीलिंगी म्हणून राहिली, मांजर नपुंसकलिंगी म्हणून राहिलं, जे नपुंसकलिंग हिंदीत नाहीच ते या पोरानं बरोबर लावलं, दोन वाक्यं "आणि"नं जोडली, "तिला" बरोबर आलं. अख्ख्या सकाळीतलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं ते. आणि आमची रामबागवाली ताई म्हणाली, "नाही नाही, करून राहिली असं नसतं म्हणायचं, चूक आहे ते, करते आहे म्हण." त्यानं म्हटलं. तिनं शाबास म्हटलं आणि पुढच्या मुलाकडे गेली.

बीकॉमवाला वर्ग फोनवर रेकॉर्ड करतो म्हणून हे शब्द नेमके माहीत आहेत. त्याच रेकॉर्डिंगमध्ये तो मुलगा नंतर तासभर बसलेला आहे आणि त्याच्या तोंडून फक्त "हो", "नाही" आणि "पता नहीं" एवढंच निघालंय.

पुढच्या रविवारी त्याची आजी त्याला सोडायला आली आणि दारातूनच परत न जाता आत येऊन भिंतीला टेकून बसली. वर्ग संपल्यावर तिनं ताईला जवळ बोलावलं, अगदी प्रेमानं, आणि विचारलं, "बाळा, हा घरी येऊन मला म्हणाला की आजी तू चुकीचं बोलते, ताईनं सांगितलं. मी काय मग सत्तर वर्षं चुकीचं बोलून राहिली का?" ताईचा चेहरा उतरला, ती म्हणाली, "नाही आजी, तुम्हाला नव्हतं हो म्हणायचं मला." तर आजी म्हणाली, "नाही गं, मी रागावली नाही. मी म्हटलं माझ्यामुळे त्याचं नको बिघडायला, म्हणून मी आता त्याच्याशी हिंदीतच बोलते."

हे ऐकून मी हादरले आणि अजूनही ते आठवलं की अस्वस्थ होते. त्या मुलाच्या आयुष्यात मराठी अखंड बोलणारं माणूस एकच होतं, शाळेतून आल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याच्या कानावर जी मराठी पडत होती ती सगळी आजीची होती, आणि आपल्या रविवारच्या वर्गानं तीच बंद केली. दुसरी भाषा कशी येते याचा अभ्यास करणारा अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन १९८० च्या आसपासपासून जे सांगत आला की समजेल अशी आणि थोडीशीच पुढची भाषा भरपूर कानावर पडली पाहिजे आणि मनावर दडपण नको, त्यातल्या दोन्ही गोष्टी एका दुरुस्तीत गेल्या. आपल्या बीएडवालीला क्रॅशनवरचे प्रश्न पाठ होते, सीटीईटीची, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारी करत होती ती, त्यात भाषेच्या तीस मार्कांपैकी पंधरा भाषा शिकवण्याच्या पद्धतीवर असतात. पण चार पर्यायांतून उत्तर निवडणं वेगळं आणि समोरच्या पोराच्या तोंडून वाक्य निघतं तेव्हा ओळखणं वेगळं, आणि तयारी या दुसऱ्याची करून घ्यावी लागते.

पहिलं काम आजीला परत मराठीत बोलतं करणं. त्यासाठी मी थेअरी काही सांगितली नाही, ताई आणि मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ताईनं स्वतःच सांगितलं, "आजी, माझी आजी पण घरी करून राहिलीच म्हणते, आमच्याकडे सगळेच म्हणतात." आणि मग ती जे बोलली ते माझ्यासाठीही नवीन होतं. दहावीच्या सुट्टीत ती पुण्याला मावशीकडे गेली होती, तिथे ती "मी काल आली" म्हणाली की मावसबहिणी हसायच्या, "आली नाही गं, आले", आणि पूर्ण सुट्टीभर ती कमीत कमी बोलली. तेव्हापासून तिनं सिरियल बघून, यूट्यूब बघून, पुण्याची मराठी पाठ केली, आणि ती मराठी हातात आल्यावर जिथे जिथे इंदुरी ऐकू येते तिथे तिथे ती दुरुस्त करायला धावते. म्हणजे ती त्या पोराला जे बोलली ते तिला कुणीतरी बोललेलं होतं. दुसऱ्या भाषेचे शिक्षक तयार करताना त्यांची व्याकरणाची परीक्षा आपण घेतो, पण तुला तुझ्या भाषेवरून कधी कोण हसलं होतं का हे विचारत नाही. मला वाटतं हे पहिल्याच आठवड्यात विचारायला पाहिजे, कारण शिक्षक कुठे दुरुस्ती करतो आणि कुठे सोडून देतो हे बऱ्याच वेळा पुस्तकावरून नाही तर अशा जुन्या दुखण्यावरून ठरतं.

आजी त्या दिवशी पोहे करून खाऊ घालेपर्यंत मराठीतच बोलल्या. पण नातवाशी लगेच नाही बोलल्या, त्याला वेळ लागला.

मग चौघांना घेऊन बसले. रेकॉर्डिंगमधून मुलांची वाक्यं काढून चिठ्ठ्यांवर लिहिली आणि म्हटलं यांचे ढीग करा. त्यांनी आधी दोनच ढीग केले, बरोबर आणि चूक. चूकवाल्या ढिगात काय काय होतं बघा. "मीने आंबा खाल्ला." "माझी पुस्तक." "शाळामध्ये." "आजी पोळी करून राहिली आहे." "मला प्यास लागली." "रस्त्यात मामा मिळाले." "मी काल आली." सगळं एकत्र, सगळ्यावर लाल पेन. मी म्हटलं हा चुकीचा ढीग परत फोडा.

"मीने" वर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जाऊ दिला मी. तिघा मराठी घरच्यांना हे फक्त कानाला विचित्र वाटत होतं, का चूक ते सांगता येईना. एका हिंदी घरातल्या आईनं एकदा बीकॉमवाल्याला विचारलं होतं की आजीने चालतं तर मीने का नाही, तर तो म्हणाला होता, आंटी ऐसा ही होता है. हे माळवीवालीनं सोडवलं. ती म्हणाली हिंदीत मैंने, तूने, हमने, उसने, सगळ्यांना ने लागतो, मराठीत त्याने, तिने, आजीने इथे लागतो पण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना लागत नाही, तरी क्रियापद मात्र आंब्याप्रमाणेच चालतं, मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं, त्यामुळे हिंदीवाल्याला ने आतमध्ये जाणवतो आणि तो बाहेर काढून लावतो. तिला हे माहीत होतं कारण तिनं स्वतः वर्षभर मीने मीने केलं होतं. म्हणजे ते पोर बेफिकिरीनं बोलत नाहीये, नियम लावून बोलतंय, फक्त नियम शेजारच्या भाषेचा आहे. पिट कॉर्डरनं १९६७ मध्ये हेच मांडलं की शिकणाऱ्याची चूक म्हणजे तो आता कुठवर पोचलाय त्याचा पुरावा, आणि लॅरी सेलिंकरनं १९७२ मध्ये या मधल्या भाषेला वेगळं नाव दिलं, इंटरलँग्वेज. आमच्या चौघांना ही नावं सांगायच्या आधी "मीने" मिळालं हे फार बरं झालं.

यातून अजून एक गोष्ट साफ झाली. मंडळात सगळे धरून चालले होते की मराठी घरची मुलगी चांगली शिकवणार आणि माळवीवाली मदतनीस. वर्गात उलटं दिसत होतं. ज्यानं भाषा शिकून मिळवली त्याला कुठे ठेच लागते ते माहीत असतं, आणि ज्याला ती जन्मापासून मिळाली त्याच्याकडे म्हणी, लय, हजरजबाबीपणा असतो, पण रस्त्याचा नकाशा नसतो. हंगेरीच्या पीटर मेजेशनं १९९० च्या दशकात इंग्रजीच्या शिक्षकांबद्दल हे म्हटलेलं आहे. आपल्याकडे मराठीच्या बाबतीत हे अजून कुणी मोठ्यानं म्हणत नाही, पण म्हणायला पाहिजे, आणि अशा वर्गांत दोन्ही प्रकारचे शिक्षक जोडीनं ठेवले पाहिजेत. आम्ही तसं केलं, रामबागवाली आणि माळवीवाली यांची जोडी लावली.

ढिगांकडे परत येते. "मला प्यास लागली" यावर फार वाद झाला नाही, वाक्य मराठी आहे, एक शब्द हिंदी आहे, शब्द दिला की काम झालं. "करून राहिली" आणि "मी काल आली" हे घरच्या बोलीच्या ढिगात गेले, इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत असंच बोलतात, आणि करून राहिलीवालं रूप तर नागपूर-वऱ्हाडकडेही रोज ऐकू येतं. तिथपर्यंत सगळे खूष होते की झाले तीन ढीग. गाडी अडली ती "रस्त्यात मामा मिळाले" वर. पुस्तकी मराठीत माणूस भेटतो आणि वस्तू मिळते, हिंदीत दोन्हीला मिलना. बीएडवाली म्हणाली ही हिंदीची नक्कल, चुकीच्या ढिगात. रामबागवाली म्हणाली आमचे काका असंच बोलतात, बोलीच्या ढिगात. दोघी ऐकेनात. तेव्हा माळवीवाली म्हणाली, हे वाक्य कोणत्या मुलाचं आहे ते तर सांगा आधी.

आणि हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे माझ्या मते. तेच वाक्य आजीच्या नातवानं म्हटलं तर ती त्याच्या घरची मराठी, त्याला ती पूर्ण येते, तिथे काही बिघडलेलं नाही. तेच वाक्य हिंदी घरातल्या मुलीनं म्हटलं तर ती शिकण्याच्या वाटेवर आहे आणि तिला भेटणे हा शब्द अजून माहीतच नाही. एकाला "पुस्तकात असं पण म्हणतात" सांगायचं, दुसरीला नवीन शब्द शिकवायचा. चिठ्ठीवरचं वाक्य बघून हे कळूच शकत नाही, मूल कोणाच्या घरातून येतंय ते माहीत पाहिजे. आपण ट्रेनिंगमध्ये चुकांच्या याद्या देतो, लिंगाच्या चुका, विभक्तीच्या चुका, सामान्यरूपाच्या चुका, पण या याद्या वाक्यांच्या असतात, मुलांच्या नाही.

म्हणून मग घरभेटी सुरू केल्या. चौघांनी मुलं वाटून घेतली आणि प्रत्येक घरी जाऊन फक्त बसायचं, चहा प्यायचा, कान उघडे ठेवायचे. प्रश्नावली नाही, वही काढायची नाही, घरी आल्यावर लिहायचं की या घरात कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं, मूल कोणाला काय भाषेत उत्तर देतं, भांडण कोणत्या भाषेत होतं, लाड कोणत्या भाषेत होतात. एका घरात असं निघालं की आई स्वतः मध्य प्रदेशातली हिंदी बोलणारी, पण सासूकडून मराठी इतकी छान शिकलेली की पोराशी तीच बोलते आणि बाबा, जे जन्माचे मराठी, ते मोबाइलमध्ये बघत हिंदीत हं हं करतात. आडनावावरून आम्ही त्या मुलाला बाबांच्या खात्यात टाकलं होतं.

दुरुस्ती करायचीच नाही असा याचा अर्थ अजिबात नाही, हे आवर्जून सांगते, कारण आमचा बीकॉमवाला लगेच तिकडे झुकला होता, "मग काही बोलायचंच नाही का काकू, बोलू द्यायचं ना जसं बोलतात तसं?" नाही. मीने म्हणणाऱ्या मुलाला मीने वर सोडून दिलं तर तो मीने वरच राहील. प्रश्न कशी दुरुस्ती करायची हा आहे. आपल्या चौघांना एकच पद्धत येत होती, चूक आहे म्हणून सांगणं, आणि आजीचं प्रकरण झाल्यावर घाबरून सगळे दुसऱ्या टोकाला गेले, म्हणजे मुलाचं वाक्य गोड करून बरोबर रूपात परत म्हणायचं. रेकॉर्डिंगमध्ये हे असं ऐकू येतं.

मुलगा, "मीने आंबा खाल्ला."
ताई, "अरे वा, तू आंबा खाल्लास! अजून काय खाल्लं?"
मुलगा, "हो, मीने दोन खाल्ले."

मुलाला वाटलं ताईला आंब्याची गोष्ट आवडली. त्याला दुरुस्ती पोचलीच नाही. कॅनडात रॉय लिस्टर आणि लैला रँटा यांनी १९९७ मध्ये फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे जिथे शाळेचे विषयही फ्रेंचमधून शिकवतात अशा, वर्गांचं रेकॉर्डिंग तपासून हेच दाखवलं होतं, शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के अशा परत म्हणण्याच्या होत्या आणि त्यातल्या ३१ टक्के वेळाच मुलांनी तिची काही दखल घेतली. उलट जिथे शिक्षकानं वाक्य अर्धवट सोडून मुलाकडूनच काढून घेतलं तिथे मुलानं दर वेळी काहीतरी प्रतिसाद दिला. म्हणजे "मी...?" म्हणून थांबायचं. मूल विचार करतं, मीने, मी, मी आंबा खाल्ला. स्वतः काढलं की ते त्याचं होतं.

थांबायचं हे म्हणायला सोपं आहे. मेरी बड रो यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, उत्तर द्यायला पुढे येणारी मुलं वाढतात. तीन सेकंद म्हणजे काय हे कळण्यासाठी आपल्या बीकॉमवाल्याला बघायला हवं होतं, एवढा बोलका मुलगा, दीड सेकंद झाला की त्याचा चेहरा असा होतो जणू वर्ग हातातून जातोय, आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. त्याला पाठीमागे हात बांधून बोटांवर तीन मोजायला लावलं. त्याच्या पाठोपाठ सगळ्यांना तीच सवय लावली, आणि वर्गात मुलांचं मराठी बोलणं वाढलं ते खेळांनी कमी आणि या थांबण्यानं जास्त, असं माझं मत आहे.

हे सगळं सुटं सुटं करून घेतलं ते मायक्रोटीचिंगनं. ड्वाइट ॲलननी १९६३ मध्ये स्टॅनफर्डला सुरू केलेली पद्धत, पण इंदूरवाल्यांनी हे लक्षात ठेवायला हवं की भारतात त्यावरचं महत्त्वाचं काम इथे झालंय, प्रो. बी. के. पासी यांनी बडोद्यानंतर इंदूर विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात हे रुजवलं. भारतीय साच्यात सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं फीडबॅक, बारा मिनिटं परत आखणी, सहा मिनिटं परत शिकवायचं, सहा मिनिटं परत फीडबॅक, एकूण छत्तीस. एका वेळी एकच कौशल्य. बीएडवालीनं हे कॉलेजमध्ये केलेलं होतं, पण तिच्या कॉलेजात ते फाइलपुरतं झालं होतं, मैत्रिणीच विद्यार्थी व्हायच्या आणि मैत्रिणी काय, सगळी उत्तरं बरोबर द्यायच्या. आम्ही विद्यार्थी म्हणून बसणाऱ्याला आधी सांगायचो की तू अमुक घरातला मुलगा आहेस, तुझी आजी असं बोलते, तुला एवढंच मराठी येतं, आता त्याच्यासारखा बोल. मग शिकवणाऱ्यानं सहा मिनिटांत ओळखायचं की हे मूल कोणत्या घरातून आलंय आणि कुठे थांबायचं, कुठे सोडून द्यायचं, कुठे नवीन शब्द द्यायचा. हे करताना सगळ्यात जास्त कष्ट बीएडवालीला पडले, कारण तिच्या टाचणात विद्यार्थ्याचं उत्तर आधीच लिहिलेलं असायचं आणि समोरचा ते देत नव्हता. पण तिनंच शेवटी टाचणाचा नमुना बदलला, "विद्यार्थी प्रतिसाद" या रकान्याचे तीन भाग केले, घरी मराठी असलेला काय म्हणेल, अर्धी मराठी असलेला काय म्हणेल, हिंदी घरातला काय म्हणेल. तो नमुना आता आम्ही सगळेच वापरतो आणि कुणाला हवा असेल तर खुशाल वापरा.

आजींचं पुढे काय झालं. रामबागवालीनं त्यांना वर्गात बोलावलं, पण "आजी गोष्ट सांगा" असं नाही, त्यात मुलं मान डोलावतात आणि काही बोलत नाहीत. तिनं मुलांना काम दिलं. हिवाळा होता, प्रत्येक जोडीनं आजीला विचारून गराडूची, म्हणजे इंदुरात हिवाळ्यात तळून मसाला टाकून खातात त्या कंदाची, पूर्ण कृती काढायची, एका जोडीकडे चित्रं उलटसुलट क्रमानं, दुसऱ्या जोडीकडे सामानाची अर्धीच यादी, दोन्ही जोड्यांनी एकमेकांना आणि आजीला विचारल्याशिवाय कृती पूर्णच होणार नाही. बंगळुरूच्या प्रकल्पात एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ मध्ये इंग्रजीसाठी हेच केलं होतं, मुलांसमोर सोडवायचं काहीतरी ठेवा, लक्ष अर्थावर जाऊ द्या, भाषा त्यातून येते. आजी ओट्यापाशी उभं राहून दाखवावं तसं हात हलवत सांगत होत्या, "आधी तेल लावून घ्यायचं हाताला, नाही तर खाज सुटते," मुलं विचारत होती, "आजी, एकदा तळायचा की दोनदा?" आणि आजी म्हणाल्या दोनदा, आधी मंद, मग कापून परत खरपूस. तिचा नातू सगळ्यात पुढे होता. त्यानं मध्येच सगळ्यांना सांगितलं, "माझी आजी रोज संध्याकाळी करून राहते." ताई माझ्याकडे बघत होती. तिनं काही दुरुस्त केलं नाही, तिनं विचारलं, "रोज? मग तू काय करतोस तेव्हा?" तो म्हणाला, "मी मसाला टाकतो." मसाला टाकतो, स्वच्छ, तिच्या प्रश्नातलं करतोस उचलून त्यानं क्रियापद तसंच चालवलं.

पूर्ण सुखाचं चित्र आहे असं नाही सांगणार. एका वडिलांची पुण्याला बदली ठरली होती आणि त्यांनी मला स्पष्ट विचारलं की माझ्या मुलीला तिथे शाळेत हसले तर तुमची घरची बोली काय कामाची. त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि रामबागवालीपेक्षा तो कुणाला जास्त कळणार. तिनं त्यांना सांगितलं की आम्ही पुस्तकी मराठी शिकवतोच, मुलीला "मी आले" पण येईल, फक्त तिच्या घरचं "मी आली" खोडून नाही शिकवणार. त्यांना ते पटलं नाही, त्यांनी मुलीचं नाव काढून पुण्याचा ऑनलाइन क्लास लावला. मला त्यांचा राग नाही आला. पण जे कॉलेजचे विद्यार्थी हे काम करणार आहेत त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असलं पाहिजे, आणि ते पालकाशी वाद घालणारं नको, मुलीला दोन्ही कधी वापरायचं ते येईल अशी प्रत्यक्ष योजना दाखवणारं हवं. आम्ही आता थोड्या मोठ्या मुलांसाठी तसे तास करतोय, तेच सांगायचं, एकदा आजीला फोनवर, एकदा पुण्याच्या शाळेच्या बाईंना, आणि काय काय बदललं ते मुलांनीच काढायचं. चांगलं जमतंय, मुलांना नाटक केल्यासारखं वाटतं.

लिहिण्याचं मात्र अजून सुटलेलं नाही. तोंडी बोलीला जागा दिली, पण निबंधात मूल "करून राहिली" लिहितं तेव्हा काय करायचं यावर आमच्या चौघांचं अजूनही एकमत नाही. माळवीवाली म्हणते लिहिताना पुस्तकीच, नाही तर मुलं परीक्षेत अडकतील. रामबागवाली, जी सगळ्यात आधी दुरुस्त करणारी होती, ती आता म्हणते की गोष्टीत संवाद असेल तर आजीचं वाक्य आजीसारखंच राहू दे, बाकी मजकूर पुस्तकी. मी सध्या रामबागवालीच्या बाजूनं आहे.

नवीन बॅचसाठी क्रम बदललाय. आधी घरभेटी, मग रेकॉर्डिंग ऐकून चिठ्ठ्या आणि ढीग, मग मायक्रोटीचिंग, आणि वर्ग त्यानंतरच हातात. सुरुवातीचे रविवार नवीन मुलांनी शिकवायचं नाही, सतरंजीवर मुलांमध्ये बसून ऐकायचं. या वेळी सहा जण आलेत, त्यातले दोघं घरी निमाडी बोलणारे आहेत.